पावसाळा लागला की उंदरांची रात्र सरकते: चाकाची नोंद बिघडल्यास काय तपासावं

मेअखेरपर्यंत उंदरांच्या पिंजऱ्यातल्या पळायच्या चाकाची नोंद सरळ असते. संध्याकाळी सातला दिवे मालवले की दहा-पंधरा मिनिटांत उंदीर चाकावर, पहाटेपर्यंत पळापळ, दिवसा शांतता. मग मिरग लागतो, तारांवर माडाच्या झावळ्या पडू लागतात आणि जूनच्या मध्यावर ॲक्टोग्राम, म्हणजे एकाखाली एक दिवस मांडून पळण्याची वेळ काळी दाखवणारा आलेख, उसवल्यासारखा दिसायला लागतो. कुणी नऊला पळायला सुरुवात करतं, कुणी भर दुपारी, आणि एखाद्या पिंजऱ्याची नोंद सकाळ-संध्याकाळ सारखीच काळी. किनाऱ्यालगतच्या ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगासाठीचे प्राणी ठेवतात तिथे, ही तक्रार दरवर्षीची आहे आणि तिच्यावरचा ठरलेला उपायही दरवर्षी चुकीचाच होतो: 'ही बॅच खराब आहे, नवी मागवा.'

बॅच बदलू नका. उंदराच्या मेंदूतलं घड्याळ हायपोथॅलॅमसमधल्या सुप्राकायॅझमॅटिक केंद्रकात असतं आणि ते पावसाने बिघडत नाही. बिघडतो टायमर, दिवा, दरवाजा, चाकाचा अक्ष, नोंदणी करणारा संगणक. त्यातलं नेमकं काय बिघडलं हे नोंदीच्या आकारावरूनच बहुतेक वेळा कळतं. चाकाचा प्रयोग नसला तरी हे महत्त्वाचं आहे. वेदनाशामक किंवा चिंताशामक औषधाची चाचणी रोज सकाळी अकराला घेत असाल आणि खोलीतली 'सकाळ' चार तास मागे गेली असेल, तर तुम्ही वेगळ्याच जैविक वेळेला डोस देत आहात. त्या प्राण्यांचा त्रास फुकट जातो.

इथे उंदीर म्हणजे माउस. रॅटचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. दिवे सकाळी सात ते संध्याकाळी सात चालू, असं धरलं आहे.

आधी कागद वाचा, पिंजऱ्याला हात नंतर लावा

पहिला प्रश्न: सगळे पिंजरे एकाच दिवशी बिघडले की एखाद-दुसराच? एकच बिघडला असेल तर चाक आणि सेन्सर बघा, त्याबद्दल पुढे आहे. सगळे एकदम सरकले असतील तर दोष खोलीचा, म्हणजे दिव्यांचा किंवा नोंदणीच्या घड्याळाचा.

या दोघांतला फरक ओळखण्यासाठी खोलीतल्या उजेडाची नोंद त्याच यंत्रावर एका वेगळ्या चॅनेलवर हवीच. वीस-तीस रुपयांचा एलडीआर (उजेड टिपणारा छोटा सेन्सर) आणि एक रोधक, एवढंच लागतं. तो नसेल तर बाकी सगळं वाचायच्या आधी तो बसवा. उजेडाची नोंद आणि पळण्याची नोंद एकाच रात्री, एकाच मापाने, कापल्यासारखी सरकली असेल तर संगणकाचं घड्याळ हललं आहे. प्राण्याचं घड्याळ एका रात्रीत चार तास उडी मारू शकत नाही.

संगणकाचं घड्याळ हलण्याची तीन कारणं वारंवार सापडतात. लाईट जाऊन संगणक बंद पडला आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला होता, की तारीख काही वर्षं मागे जाते. टाइमझोन भारताचा निवडलेला नसेल आणि प्रणाली जागतिक वेळेवर परतली, तर सरकणं बरोब्बर साडेपाच तासांचं असतं. हा आकडा दिसला की दुसरीकडे शोधत बसू नका. आणि नेमका एक तास, तोही मार्चमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकला, तर कुठल्यातरी परदेशी टाइमझोनची उन्हाळी वेळ चालू राहिली आहे. आपल्याकडे ती भानगडच नाही, ती बंद करा.

आता उजेडाची नोंद सरकली आणि उंदीर काही दिवस घेऊन तिच्या मागे गेले, असं दिसलं तर टायमर दोषी. पण इथे एक फसवणूक आहे. दिवे उशिरा मालवले गेले की उंदीर उजेडात दबून बसतो आणि अंधार होताच पळतो. त्यामुळे पळण्याची सुरुवात लगेच नव्या वेळेवर आल्यासारखी वाटते. उजेडाने नुसतं झाकलेलं असतं, आतलं घड्याळ अजून जुन्याच वेळेवर असतं. म्हणून अशा वेळी सुरुवात बघू नका, पळणं थांबतं कधी ते बघा. पहाटेचा शेवट जुन्याच ठिकाणी असेल आणि रोज थोडाथोडा पुढे जात असेल, तर घड्याळ आत्ता कुठे जुळतं आहे.

तिसरा आकार तिरप्या रेषेचा. रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे सरकत जाणारी सुरुवात दिसली, तर सी५७बीएल/६ जातीचा उंदीर पूर्ण अंधारात स्वतःच्याच घड्याळावर चालतो आहे. या जातीचं स्वतःचं चक्र साधारण २३.७ तासांचं असतं, म्हणून तो रोज तेवढा लवकर उठतो. म्हणजे दिवा लागतच नाही. ट्यूब गेली आहे आणि दिवसा कुणी दार उघडून पाहिलेलं नाही. उलट रेषा रोज उशिराकडे झुकत असेल तर दिवा मालवतच नाही, कारण सततच्या उजेडात निशाचर प्राण्याचं चक्र २४ तासांहून लांबतं. नुसत्या उतारावरून दिवा बंद अडकलाय की चालू, हे दार न उघडता सांगता येतं. रॅटला हा नियम लावू नका. त्याचं चक्र अंधारातही २४ तासांपेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे रेषा दोन्ही वेळा उशिराकडेच जाते.

टायमर: पावसाळ्यातला पहिला संशयित

साध्या, खुंट्यांच्या टायमरची तबकडी विजेवरच्या छोट्या मोटरीने फिरते. लाईट गेली की ती थांबते, आली की थांबलेल्या जागेवरून पुढे चालते. दुपारी दोनला लाईट गेली, पाचला आली, की टायमर तीन तास मागे. त्या दिवशी दिवे रात्री दहाला मालवतात. दुसऱ्या दिवशी पाऊण तास लाईट जाते, तिसऱ्या दिवशी दीड तास, असं ते साठत जातं. सोमवारी कुणाच्या तरी लक्षात येतं आणि तबकडी हाताने फिरवून एकदम पाच तास पुढे केली जाते.

उंदराला हे फार जड जातं. उशिराकडे सरकणं त्याला तुलनेने सोपं, लवकरकडे सरकायला जास्त दिवस लागतात. पाच-सहा तास लवकर केल्यावर पूर्ण जुळायला आठवडाभर लागू शकतो, आणि तेवढ्यात पुढची लाईट जाते. ॲक्टोग्रामवर करवतीच्या दात्यांसारखी कडा दिसते, हळूहळू उजवीकडे आणि मग एकदम डावीकडे. ही कडा दिसली की बाकी काही तपासायच्या आधी टायमर काढा.

बॅटरीचा डिजिटल टायमर बरा, पण त्याची आतली छोटी बॅटरी दोन-तीन पावसाळ्यांत दगा देते. वर्षातून एकदा, मे महिन्यात, प्लग काढून दिवसभर ठेवा आणि वेळ टिकते का बघा. सर्वांत भरवशाचं म्हणजे डीएस३२३१ या घड्याळ-चिपवर चालणारा नियंत्रक. तिची चूक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिनिट. जुनी डीएस१३०७ चिप बाहेरच्या क्रिस्टलवर चालते आणि महिन्याला मिनिटभर सहज चुकते. रोजच्या दिव्यांना चालेल, दोन महिन्यांच्या नोंदीला नाही.

चिप बरोबर असून दिवा चालूच राहिला तर रिले, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, बघा. एलईडी ट्यूबचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात, त्याने छोट्या रिलेचे संपर्क चिकटतात. रिलेने थेट दिवे न चालवता रिलेने कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह पेलणारा स्विच) आणि कॉन्टॅक्टरने दिवे चालवा.

इन्व्हर्टरचा हिशोब करून ठेवा. १८ वॅटच्या दोन ट्यूब बारा तास म्हणजे ४३२ वॅट-तास, टायमर आणि नोंदणी यंत्राचे १० वॅट चोवीस तास म्हणजे २४०. दिवसाला ६७२. बारा व्होल्टची १५० ॲम्पिअर-तासाची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. तिची अर्धीच वापरायची आणि इन्व्हर्टरमधला तोटा धरायचा, तर हाती सातशेच्या आसपास उरतात. म्हणजे एक अख्खा दिवस निभतो, तोही एसी न जोडता. टायमर आणि दिवे दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. फक्त दिवे इन्व्हर्टरवर आणि टायमर थेट लाईनवर, ही जोडणी फार ठिकाणी दिसते आणि तीच सगळ्यांत वाईट.

दिवसापेक्षा जास्त लाईट गेली तर? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती, तेव्हा हा प्रश्न काल्पनिक नाही. अशा वेळी अधूनमधून दिवे लावण्यापेक्षा खोली सलग अंधारात ठेवलेली बरी. अंधारात उंदीर रोज पंधरा-वीस मिनिटंच सरकतो, पाच दिवसांत साधारण दीड तास. पण त्याच्या रात्री पडलेला उजेडाचा एखादा तुकडाही घड्याळ हलवतो: रात्रीच्या सुरुवातीला पडला तर मागे, पहाटेकडे पडला तर पुढे. मदुराईला जैविक घड्याळांचे अभ्यासक एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या शेतातल्या छोट्या उंदरावर, मस बूडुगावर, प्रकाशाचे छोटे झोत टाकून नेमका हाच आलेख काढला होता. हवा खेळती राहील, पाणी आणि खाद्य मिळेल एवढं बघा. देखभाल मंद लाल टॉर्चवर पाच-दहा मिनिटांत उरका. लाल उजेड उंदराला कमी दिसतो, अजिबात दिसत नाही असं नाही.

रात्रीचा चोरटा उजेड

टायमर बरोबर आहे, उजेडाच्या चॅनेलवर रात्र अंधारीच दिसते आहे, तरी सुरुवात पसरट झाली आहे आणि उंदीर दिवसाही खातात-फिरतात. मग रात्री खोलीत जाऊन बसा. दिवे मालवल्यावर दार लावून, मोबाइल बंद करून, पूर्ण वीस मिनिटं. डोळे अंधाराला सरावायला एवढा वेळ लागतोच. हातातल्या लक्समीटरवर विसंबू नका. स्वस्त मीटर एक लक्सखाली शून्यच दाखवतो, आणि पौर्णिमेचं चांदणंही एक लक्सपेक्षा खूप कमी असतं. रात्रभर पाच लक्सचा उजेड उंदरांची खाण्याची वेळ दिवसाकडे ढकलायला पुरतो.

वीस मिनिटांनी छताकडे बघा. बंद केलेली एलईडी ट्यूब अनेकदा भुतासारखी फिकट चमकत असते. बटणावर लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातून झिरपणारा बारीक प्रवाह तिला पुरतो. बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असेल तरी तसंच. सॉलिड-स्टेट रिले बंद असतानाही थोडा प्रवाह सोडतो. पावसाळ्यात ओल्या भिंतीतली वायरही गळते, म्हणून मे महिन्यात न दिसलेली चमक जुलैत दिसते. उपाय: इंडिकेटर नसलेलं बटण, वायरमनकडून फेज-न्यूट्रल तपासणी, आणि फेज पूर्ण तोडणारा कॉन्टॅक्टर. मग एसीचा डिस्प्ले, इन्व्हर्टर, राउटर, युपीएस यांच्या ठिपक्यांवर काळी इन्शुलेशन टेप. निळे ठिपके आधी झाका, कारण डोळ्यातला मेलानॉप्सिन हा उजेड टिपणारा रेणू ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्यालाच, सर्वांत जास्त प्रतिसाद देतो.

त्यानंतर दरवाजा. लाकडी दार पावसात फुगतं, चौकटीला अडतं आणि कडी लागत नाही. माणसं ते तसंच लोटून ठेवतात. कॉरिडॉरचा दिवा लावून आतून बघा, फटीतून रेघ दिसेल. फुगलेलं दार रंधून घेतलंत तर डिसेंबरात तेच आकसून दुसरी फट देतं. म्हणून दाराच्या आत छतापासून जमिनीपर्यंत दुहेरी काळा पडदा लावा, खाली वीतभर लोळता. झरोकेही बघा. रत्नागिरीला जूनमध्ये दिवस तेरा तासांच्या वर असतो आणि सातनंतरही संधिप्रकाश रेंगाळतो. झरोका उघडा असेल तर तुमच्या सातच्या अंधाराला अर्थ नाही.

एकाच पिंजऱ्याची नोंद खोटी

बारा सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा एक फेरा ३८ सेंटिमीटरचा. तरणाताठा उंदीर रात्री दहा ते वीस हजार फेरे सहज मारतो, म्हणजे चार ते साडेसात किलोमीटर. स्विस अल्बिनो आणि म्हातारे उंदीर कमी पळतात, तेव्हा आपल्या वसाहतीचा नेहमीचा आकडा माहीत हवा. एकाच पिंजऱ्यात चाळीस हजार दिसले, किंवा मिनिटाला दोनशेच्या वर फेरे टिकून राहिले, तर उंदीर नाही, स्विच बोलतो आहे.

रीड स्विच म्हणजे काचेच्या नळीतल्या दोन पात्या. चाकावरचा चुंबक समोरून गेला की त्या चिकटतात. नळी सीलबंद असते म्हणून खारी हवा आत जात नाही, पण बाहेरचे पाय, सोल्डर आणि जोड हिरवे पडतात. मल्टिमीटर लावा: चुंबक दूर असताना पूर्ण खुलं, जवळ असताना एखाद ओहम. मधलेच किलो-ओहम किंवा मेगा-ओहम दिसले तर ओल गळते आहे. जोड खरवडून नवा करा, हीट-श्रिंक चढवा, वर पारदर्शक वार्निशचा हात द्या. फेरे दुप्पट येत असतील तर पात्या चिकटताना थरथरतात आणि एका फेऱ्याचे दोन-तीन मोजले जातात. नोंदणीत ५० मिलिसेकंदांचा विराम ठेवा. उंदीर इतका वेगाने फिरूच शकत नाही, त्यामुळे खरे फेरे गमावण्याची भीती नाही. मग चाक हाताने शंभर वेळा फिरवा, पन्नास सावकाश, पन्नास जोरात. शंभरच आले पाहिजेत.

दिवसा दाट काळ्या पट्ट्या आणि रात्री ठीक, असा पिंजरा असेल तर चाक थांबतं कुठे ते बघा. चुंबकाच्या वजनाने चाक नेहमी चुंबक खाली येऊन थांबतं. सेन्सरही खालीच बसवला असेल तर चुंबक त्याच्या पुढ्यातच विसावतो. उंदीर चाकात झोपला, कूस बदलली, चाक बोटभर हललं की एक फेरा. झोपलेला उंदीर असा शेकडो फेरे 'पळतो'. सेन्सर वर किंवा बाजूला घ्या आणि चुंबकासमोरच्या कडेला तेवढ्याच वजनाचा तुकडा लावा.

चाक जड झालं असेल तर फेरे रोज कमी होत जातात. लघवी आणि खारी हवा मिळून अक्ष गंजतो. ३०४ चं स्टील इथे कमी पडतं, ३१६ चं घ्या. वंगणाला हाताशी असलेलं खोबरेल घालू नका, ते खवट होतं, धूळ धरतं आणि उंदीर चाटतो. खाद्य-दर्जाच्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब पुरतो.

चाकाऐवजी पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा सेन्सर, असेल तर पाली बघा. पिंजऱ्याच्या जाळीवरून गेलेली पाल हीसुद्धा हालचालच. आणि खोली ३२-३३ अंशांवर गेली की उंदराच्या अंगात आणि भोवतालात फरकच उरत नाही, सेन्सर आंधळा होतो.

घड्याळ ठीक, तरी दिवसा जाग

हे कारण फार उशिरा सुचतं. पावसाळ्यात पेलेट बुरशी धरतात, म्हणून देखभाल करणारे चांगल्या हेतूनेच थोडं खाद्य घालतात, रोज अकराला ताजं. एक उंदीर दिवसाला तीन ते पाच ग्रॅम खातो. पाच उंदरांच्या पिंजऱ्यात वीस ग्रॅम घातले की पहाटेच ते संपतात, आणि मग उंदीर अकराची वाट बघायला लागतो. आठ-नऊपासून चाक सुरू. खाद्याच्या वेळेआधी दोन-तीन तासांची ही हालचाल इतकी नेमाने येते की ती दुसरी लय वाटते. रोज सकाळी पात्रात खाद्य शिल्लक दिसलंच पाहिजे. दोन दिवसांचं घाला, उरलेलं ओलं टाकून द्या, आणि साठा हवाबंद डब्यात ठेवा.

पळण्याची सुरुवात वेळेवर, पण फेरेच घटले, तेही सगळ्या पिंजऱ्यांत, तर उकाडा. आतलं घड्याळ तापमानाने फारसं हलत नाही, पळण्याची इच्छा मात्र मरते. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या समितीच्या, म्हणजे सीसीएसईएच्या, मार्गदर्शक सूचनांत सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के सांगितली आहे. जुलैत बाहेर ती नव्वदीत असते. एसी थंड करतो, पण कमी भारावर तो हवा पुरेशी कोरडी करत नाही, वेगळा डीह्युमिडिफायर लागतो. भाताचं तूस ओलं राहिलं की अमोनिया डोळ्यांत जातो, म्हणून गादी नेहमीपेक्षा लवकर बदला. बदलायची वेळ दिवे मालवण्याआधीचा तास-दोन तास. सकाळी बदललीत तर गाढ झोपेतल्या उंदराला नवा वास, नवा पिंजरा, आणि मग तासभर पळापळ.

गणपतीतले ढोल-फटाके आणि शिमग्याच्या पालख्या नोंदीवर दिसतातच. त्या रात्री तारखेनिशी लिहून ठेवा, चाचण्या त्या आठवड्यात ठेवू नका.

दुरुस्तीनंतर

दिवे मूळ वेळेवर आणा आणि दहा ते चौदा दिवस काही मोजू नका. उंदीर खरंच जुळले का, हे अंधारात सोडल्याशिवाय कळत नाही, कारण दिवे असताना उजेडाचं झाकण सगळं सारखंच दाखवतं. सात ते दहा दिवस पूर्ण अंधार ठेवा, त्या दिवसांच्या सुरुवातींमधून सरळ रेषा काढा आणि ती मागे, अंधाराच्या पहिल्या दिवसापर्यंत वाढवा. रेषा सातच्या आसपास पोचली तर घड्याळ जुळलेलं होतं. दोन-तीन तास बाजूला गेली तर उंदीर नुसते दबून बसले होते, आणखी आठवडा द्या. या दिवसांत देखभालीची वेळ रोज बदला, नाहीतर तीच त्यांची सकाळ होऊन बसते. अंधाराचा हा टप्पा मूळ प्रस्तावात नसेल तर आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घ्या.

आणि खोलीच्या दारावर एक वही बांधा: लाईट गेली किती वाजता, आली किती वाजता, टायमर तेव्हा किती दाखवत होता. तीन रकाने, पेन दोरीने बांधलेलं. नोंदीतला कुठला तुकडा गाळायचा हे सप्टेंबरात ठरवताना आठवणीवर भागत नाही, ही वहीच लागते.